चौथ्या कडव्यातली तिसरी ओळ

माझ्या आयुष्यात जे काही बरं झालं, त्यात सगळ्यात मोठा वाटा माझ्या आत्याचा आहे. इंदूआत्या – माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिचं नाव आधी लिहितोय, कारण पुढचा अनुभव मला आला असला तरी गोष्ट तिची आहे. आणि तिच्या नावाशिवाय तिचं काही उचलायचं नाही, हे मी फार उशिरा शिकलोय.

ह्या सदरात येणारे लोकांचे न उलगडलेले अनुभव मी बरीच वर्षं वाचतो. खरं सांगतो, विश्वास ठेवून कधीच वाचले नाहीत. ढोकीच्या पुढं एका वीज उपकेंद्रात मी ऑपरेटर आहे. आमच्याकडे फीडर – म्हणजे गावांना वीज नेणारी लाइन – ट्रिप होऊन बंद पडला की रजिस्टरमध्ये वेळ लिहायची, आणि शेजारच्या रकान्यात कारण. तारेवर पडलेली फांदी, खांबावर चढलेली खार, कुणाच्या तरी उसाच्या ट्रॉलीनं ओढलेली वायर... शोधलं की सापडतंच. त्यामुळे कुणाला बंद खोलीत पैंजण ऐकू आले असं वाचलं की मी म्हणायचो, नीट शोधलं नसणार. आता मी गेले आठ दिवस शोधतोय. म्हणून लिहितोय.

आमचं गाव तामलवाडीच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. आई-वडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे ते उन्हाळ्यात परत यायचे. बाकीच्यांची पोरं बरोबर जायची आणि त्यांची शाळा तिथंच संपायची. मला आत्यानं ठेवून घेतलं. तिला मूल नव्हतं, नवरा लवकर गेलेला. ती आराधीण – म्हणजे भवानीआईच्या नावानं गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, मंगळवारी-शुक्रवारी पाच दारांत जोगवा मागायचा आणि आईची गाणी म्हणायची. इतर दिवशी दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची. मी पहिलीत बाराखडी गिरवायचो तेव्हा शेजारी बसून तीही गिरवायची. "तू मोटा सायेब झालास अन् पत्र धाडलंस, तर कुनाकडं वाचाया जाऊ?" म्हणायची. अशी ती वाचायला शिकली. मी पदवीपर्यंत गेलो. आमच्या घराण्यातला पहिला.

तिची गाणी तिची स्वतःची असायची. चालता चालता जुळवायची. एक गोष्ट इथं सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडच्या गाण्यांत शेवटच्या कडव्यात करणाऱ्याचं नाव येतं – 'अमका म्हणे', 'तमकी म्हणे'. तीच त्या गाण्याची मालकी. मी जन्मायच्या आधी आत्या एका मेळ्यात गायची. मेळ्याच्या म्होरक्यानं सोलापूरला नेऊन तिची सहा गाणी कॅसेटवर भरली. दर गाण्याला तीन कडवी झाली की तो म्हणायचा, "इंदे, दम लागलाय तुला. शेवटचं मी म्हंतो." पुढं तुळजापूरला स्टँडसमोरच्या हॉटेलात ती कॅसेट लागली होती. आत्यानं उभ्यानं ऐकली. सहाही गाण्यांत तीन कडवी तिचा आवाज, आणि चौथ्यात बाप्याचा आवाज, बाप्याचं नाव. तिनं मेळा सोडला. त्या दिवसानंतर तिचा एक नियम झाला: नाव घातल्याशिवाय गाणं कुणासमोर पुरं म्हणायचं नाही, आणि मशीनसमोर तर तोंडच उघडायचं नाही.

गेल्या वर्षी तिचा आवाज घोगरा झाला. नवरात्रात गाऊन घसा बसला असेल, असं सगळेच म्हणाले. मीपण म्हणालो. वर्षानुवर्षं मिश्री लावत होती. सोलापूरला दाखवलं तेव्हा गाठ बरीच वाढली होती.

आता जे लिहितोय ते लिहायला मला लाज वाटते. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी मला आत बोलावलं. इंग्रजी फॉर्म होता. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागणार, गळ्याला समोर कायमचं भोक राहणार, त्यातून श्वास. आवाज परत येणार नाही. "पेशंटला सांगा," डॉक्टर म्हणाले, "आणि त्यांचा अंगठा किंवा सही घ्या. नाहीतर नातेवाईक म्हणून तुमची." मी बाहेर आलो. आत्यानं विचारलं, "काय लिवलंय रं?"

मी म्हणालो, "गाठ काढणार, एवढंच."

"मंग कर की सही. शिकलाइस कशाला?"

मी सही केली. तिला खरं सांगितलं असतं तर ती उठून एसटीनं घरी गेली असती, ह्याची मला खात्री होती. आजही आहे. पण तिनं अक्षरं शिकली होती ती माझ्या शेजारी बसून, आणि मी त्या अक्षरांचा उपयोग तिच्यापासून लपवायला केला.

त्याच दुपारी, वॉर्डात, तिनं मला एक नवं गाणं म्हणून दाखवलं. अगदी हळू, धाप टाकत.

तुझ्या डोंगराची वाट
माझ्या तळव्यांना पाठ
कशी इचारू कुनाला
आई, कुठं तुझा घाट

दुसऱ्या कडव्याच्या मधेच शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या हातून स्टीलचा पेला फरशीवर पडला. गडगडत खाटेखाली गेला. आत्या थांबली, हसली, आणि ती ओळ परत पहिल्यापासून घेतली. तिसरं कडवं झालं आणि ती गप्प बसली.

मी म्हणालो, "थांब, खालून फोन आणतो. भरून घेऊ." माझा फोन खाली चहावाल्याकडे चार्जिंगला होता. वॉर्डातलं चार्जिंगचं बटण चालत नव्हतं.

"मशीनीत घालू नगंस," ती म्हणाली. "चौथं कडवं झालं न्हाय अजून. बिननावाचं गानं म्हंजी रस्त्यावरचं लेकरू. कुनीबी उचलावं."

"मग कर ना चौथं."

"मनात हाय. तोंडात आलं न्हाय. उद्या सुद्दीवर आले की म्हंते."

मी मान हलवली. मला माहीत होतं की उद्या ती काहीच म्हणणार नाही. आणि मी मान हलवली.

ऑपरेशन चांगलं झालं असं सगळे म्हणाले. आत्या शुद्धीवर आली, तिनं तोंड उघडलं, ओठ हलले. मग हात गळ्याकडे गेला. मग तिनं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेबद्दल मी लिहू शकत नाही.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, सहा आठवड्यांच्या आत किरणं – रेडिएशन – सुरू झाली पाहिजेत, नाहीतर गाठ परत यायची भीती. आत्यानं घरी आल्यावर पाटीवर लिहून दिलं – 'किरनं नगत.' आई तिच्यासोबत राहायला गेली होती. पण आईला वाचता येत नाही. एका घरात दोन बाया, एकीला बोलता येत नाही, दुसरीला वाचता येत नाही. मी सुट्टीला जायचो तेव्हा आत्या दोन-तीन दिवसांचं साठलेलं एकदम लिहायची. एका रविवारी लिहिलं, 'माझा आवाज इसरत चालले.'

तेव्हा मला ती कॅसेट आठवली. वाटलं, तिचा आवाज तिला ऐकवला तर कदाचित ती किरणांना हो म्हणेल. दुसरं काही सुचत नव्हतं.

म्होरक्या वारला होता. त्याच्या पोरांनी कॅसेटी भंगारात घातल्या होत्या. तुळजापूरच्या दुकानदारानं सांगितलं, "जुना सगळा माल आता अ‍ॅपवर चढवलाय लोकांनी. तिकडं बघा." म्हणून मी शोधायला लागलो.

गाण्याच्या अ‍ॅपवर 'आराधी' असं टाकलं की वर डीजेवाले पाच-सहा अल्बम येतात. ते सोडून खाली सरकत गेलं की वेगळंच जग लागतं. कुणीतरी पोत्यानं कॅसेटी आणून ओतल्यासारखं. सगळ्यांना देवीचा एकच फोटो, फक्त रंग बदललेला. गायकाच्या जागी 'पारंपरिक'. नावं चुकीच्या इंग्रजीत. ऐकणारे कुठं चाळीस, कुठं सात. एका अल्बममध्ये एक म्हातारा तुणतुण्यावर गातोय आणि गाता गाताच साथीदाराला झापतोय, "हळू, आग लागली का?" तेही तसंच भरलंय. दुसऱ्यात सीमेकडच्या दोघी बहिणी, एक कडवं मराठीत, एक कानडीत. एकात फक्त संबळ, चाळीस मिनिटं, माणसाचा आवाजच नाही. एरवी मी हे कधी ऐकलं नसतं. काही तर इतकं सुंदर होतं की ऐकताना मी कशासाठी शोधतोय ते विसरायचो, आणि आठवलं की वाईट वाटायचं.

अल्बमच्या नावावरून काही कळण्यासारखं नव्हतं, म्हणून मी एक रीत केली. गाणं लावायचं, थोडं ऐकायचं, बाई गात असली तर सरळ शेवटच्या कडव्यावर जायचं. तिथं बाप्याचा आवाज आला तर ती आमची कॅसेट. ड्यूटीवर हेच चालायचं. आमचे लाइनमन शेखचाचा – निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत – एकदा म्हणाले, "बेटा, तू नुसता मयतीला जातोस सगळ्यांच्या. एखाद्या गान्याच्या लग्नाला पन जा की."

दोन आठवडे असे गेले. एकशे साठच्या वर अल्बम झाले. डायरीत लिहून ठेवलेत. आमची कॅसेट सापडली नाही.

मग तो गुरुवार. सकाळची पाळी. उपकेंद्रात मी आणि चाचा दोघंच, चाचा बाहेर यार्डात. मी रजिस्टरच्या रेषा आखत होतो आणि फोन टेबलावर वाजत होता. एक अल्बम संपला की अ‍ॅप आपोआप त्याच्यासारखा दुसरा लावतं. तसा दुसरा लागला. वाद्य नाही. नुसती बाई.

खरं सांगतो, मी आवाज ओळखला नाही. दोन आठवडे माझे कान एका तरण्या बाईचा आवाज शोधत होते, कॅसेटवेळच्या आत्याचा. हा आवाज म्हाताऱ्या बाईचा होता, धापेचा. हात रिकामा असता तर सवयीनं मी गाणं पुढं ढकललं असतं. हातात पट्टी होती म्हणून राहिलं.

'...माझ्या तळव्यांना पाठ.'

मी फोन उचलला. पडद्यावर फोटोच्या जागी करडा चौकोन. नाव – 'आराधी गीते – साइड बी'. गायकाच्या जागी काहीच नाही. एकच गाणं. मी उभा राहिलो. दुसरं कडवं सुरू झालं. अर्ध्यात पेला पडला. फरशीवर पडला, गडगडत गेला... आणि ती थांबली. हसल्याचा जरासा श्वास. आणि ओळ परत पहिल्यापासून.

हे मी वॉर्डात ऐकलं होतं. असंच्या असं. हे कुणीही भरलेलं नव्हतं. माझा फोन दोन मजले खाली होता. शेजारच्या बाईकडे साधा बटणांचा फोन, तोही तिच्या मुलानं बाहेर नेला होता.

तिसरं कडवं संपलं. वॉर्डात ती इथं गप्प झाली होती. फोनमध्ये तिनं एक मोठा श्वास घेतला, आणि पुढं गेली.

दारोदारी हाक दिली
हाक डोंगरानं नेली

आणि तेवढ्यात हूटर, म्हणजे धोक्याचा भोंगा, वाजला. शेतीचा फीडर ट्रिप झाला होता. ज्यांनी आमचा हूटर ऐकलाय त्यांना माहीत आहे, त्याच्यापुढं माणसाला स्वतःचं बोलणंही ऐकू येत नाही. मी फोन टाकून पॅनेलकडे पळालो. सहा-सात पावलं. बटण दाबलं, हूटर थांबला. तेव्हा शेवटची ओळ चालू होती –

'इंदू म्हने गं माऊली.'

आणि संपलं.

चाचा दारात उभे होते. "कोन बाई होती रे?"

"तुम्ही ऐकलं?"

"ऐकलं की. दम लागलेला बिचारीला. पन हूटर वाजला तसा तिनं आवाज चढवला बघ. भोंग्याच्या वर नेला."

"चाचा, फोनमधलं गाणं आहे ते. भरलेलं. ते कसं आवाज चढवेल?"

चाचा म्हणाले, "ते मला नको इचारू. चढवला, एवढं खरं."

"काय म्हणाली ती तेव्हा? हूटर चालू होता तेव्हा?"

"लफ्ज न्हाय कळले बेटा. सूर कळला."

मला तिथंच फोन घेऊन बसायचं होतं. पण फीडरवर चार गावं होती. पॅनेलवरची खूण बघून घेतली, रिले रीसेट केला, चाचांना लाइनवर पाठवलं. खांबावर खार मेलेली सापडली. फीडर चालू केला. रजिस्टरमध्ये ट्रिपिंगची वेळ अकरा बावन्न आहे, माझ्याच अक्षरात. कारण – खार. ह्या सगळ्यात वीस मिनिटं गेली. परत फोन घेतला तर दुसराच अल्बम चालू होता.

अ‍ॅपमध्ये आधी ऐकलेल्याची यादी असते. त्यात आधीचा अल्बम होता, नंतरचा होता. मधलं काही नव्हतं. नाव टाकून शोधलं. मराठीत, इंग्रजीत, चुकीच्या इंग्रजीत. दुसऱ्या तीन अ‍ॅपवर. कंपनीला लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की असा अल्बम त्यांच्याकडे नाही आणि कधी नव्हता. मी हार्टचं चिन्ह दाबलं नव्हतं. स्क्रीनशॉट घेतला नव्हता. फोन हातात असून मी उभा राहून ऐकत होतो, दुसरं काही नाही.

त्या रविवारी मी गावी गेलो. आत्या ओसरीत बसली होती, गळ्याला पातळ फडकं. आई म्हणाली, "वन्सं, बालाजी आलाय. कायतरी सांगायचंय म्हंतो." मी वेड्यासारखा एका दमात बोलत सुटलो. आणि इथं मी चूक केली. तिचा विश्वास बसावा म्हणून मी आधी पेल्याचं सांगितलं. म्हणालो, आत्या, पेला पडल्याचा आवाजसुद्धा होता त्यात, तू हसलीस तेसुद्धा.

तिचा चेहरा बघता बघता बंद झाला. पाटी ओढली. लिहिलं –

'मशीन लावलंस.'

"नाही आत्या. फोन खाली होता. चहावाल्याकडं. आठवतं का, तू मला नको म्हणालीस..."

तिनं पुसलं. परत लिहिलं. हळूहळू, एकेक अक्षर.

'सही बी आशीच केलीस.'

मी म्हणालो, "आत्या, चौथं कडवं तरी ऐक, ते तू वॉर्डात म्हणालीच नव्हतीस..." आणि 'दारोदारी' एवढं म्हटलं असेल नसेल. तिनं दोन्ही तळहात कानांवर घट्ट दाबले आणि डोळे मिटले. माझ्या हातून तिचा आवाज गेला होता, आता ऐकणंही जाईल की काय असं वाटलं. तिला खोकल्याची उबळ आली. त्या भोकातून येणारा खोकला ज्यांनी ऐकला नाही त्यांनी न ऐकलेलाच बरा. आईनं मला अंगणात काढलं.

"जा बाबा तू आता," आई म्हणाली. "काय लिवलं त्यांनी? मला वाचाया येत न्हाय म्हून तू लपवू नगंस."

मी आईला वाचून दाखवलं. दोन्ही वाक्यं. आई म्हणाली, "खरंच हाय की ते. तू त्यांना इचारलं न्हाईस. आमी अडानी, आमाला कुनी इचारत न्हाय, पर तूबी?"

येत्या सोमवारी किरणांची तारीख आहे. सहावा आठवडा तेव्हा संपतो. आत्या माझ्याशी लिहून बोलत नाही. आईला फोन केला की आई म्हणते, जेवत्यात थोडं, भिताडाकडं तोंड करून निजत्यात.

हे मी इथं लिहितोय त्याला कारण आहे. वाचणाऱ्यांपैकी कुणी 'साइड बी' नावाचं हे गाणं कुठंही ऐकलं असेल, एकदासुद्धा, तर कळवा. चाचांशिवाय माझ्याकडे साक्षीदार नाही. मी हे सगळं मनातून घडवलं असेल, असं म्हणणाऱ्यांना मी दोष देत नाही. मीही तसं ठरवून पाहिलं. पण मग चौथं कडवं कुणी केलं? मला गाणी करता येत नाहीत. पेल्याचा आवाज समजा माझ्या डोक्यातला, पण त्या बाईचा आवाज चाचांनीही ऐकला. आणि भरलेलं गाणं हूटर ऐकून आवाज चढवतं, ह्याचं कारण माझ्याजवळ नाही. शोधून सापडलं नाही. पुढं सापडेल असंही वाटत नाही.

माझ्या हातात एवढंच होतं की तिला पत्र लिहावं. तिच्या कानांवर हात असले तरी डोळे उघडतील कधीतरी. परवा टाकलं. जसं पाठवलं तसं खाली उतरवतो.

ती. इंदूआत्यास,

बालाजीचा साष्टांग नमस्कार.

अक्षर मोठं काढलंय, तुला सावकाश वाचता यावं म्हणून. हे पत्र दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नको. तुझं तूच वाच.

पहिली गोष्ट. ऑपरेशनच्या कागदावर लिहिलं होतं की तुझा आवाज कायमचा जाणार. मला वाचता आलं होतं. मी तुला सांगितलं नाही. तू नाही म्हणशील ह्या भीतीनं सांगितलं नाही. तू नाही म्हणाली असतीस तर तो तुझा हक्क होता. मी चुकलो. तू जगावीस म्हणून चुकलो, पण त्यानं चूक बदलत नाही.

दुसरी गोष्ट. ह्या वेळी काही लपवत नाही. डॉक्टरांना परत भेटून सगळं विचारून आलोय. किरणं तीस दिवस, शनिवार-रविवार सोडून. तोंड सुकेल. चव जाईल, काही महिने. गळ्याची कातडी भाजल्यासारखी होईल. थकवा फार येईल. आवाज परत येणार नाही. एवढं सोसूनही गाठ परत येणार नाही अशी खात्री कुणी देत नाही. नाही घेतली तर ती परत यायचा संभव पुष्कळ जास्त आहे. कागदावर जे आहे ते सगळं हेच. ह्या वेळी सही तू करायची. नाही म्हणायचं असेल तर नाही लिही, मी भांडणार नाही. सोमवारी सकाळी सहाला जीप दारात आणतो. बसायचं नसेल तर चहा पिऊन परत जाईन.

तिसरी गोष्ट. मी मशीन लावलं नव्हतं. हे तू मानावंस म्हणून पुरावा माझ्याकडे एकच आहे. तू तीनच कडवी म्हणालीस. चौथं मनात आहे म्हणालीस, ते कुणालाच ठाऊक नाही, मलाही नव्हतं. मी जे ऐकलं ते खाली लिहितो. तुझ्या मनात होतं ते हे नसेल, तर मी खोटा, फाडून टाक. हेच असेल, तर ते कुठून आलं ते मला माहीत नाही आत्या. कुणालाच माहीत नसेल.

तिसरी ओळ मला ऐकू आली नाही. त्याच वेळी आमचा भोंगा वाजला. अंदाजानं भरली असती तर कदाचित जमलीही असती, लहानपणापासून तुझी गाणी ऐकतोय. पण तुझ्या गाण्यात माझा शब्द घालायचा नाही. जागा सोडलीय. शेजारी पेन्सिल ठेवायला आईला सांगितलंय.

दारोदारी हाक दिली
हाक डोंगरानं नेली
..............................
इंदू म्हने गं माऊली

तुझा,
बालाजी